मुक्या बाईंचं घर

सामानाने भरलेला ट्रक फाटकाशी येऊन थांबला, तेव्हा माई जेवणानंतरची भांडी पुसून फडताळात लावत होत्या. शेजाऱ्यांकडे आला असेल, असं त्यांना वाटलं. पण ट्रकवाल्याने त्यांच्याच फाटकाची कडी काढली आणि त्याच्यामागून एक पोरगेलासा चष्मेवाला आणि त्याची बायको आत आली. बायको अवघडलेली होती, पाऊल जपून टाकत होती, तरी हातात भलीमोठी कुंडी. ट्रकवाला घ्यायला पुढे झाला तर देईना.

माईंनी दोघांना ओळखलं. वरचा मजला बघायला मध्यंतरी सकाळचे येऊन गेले होते. मुलाचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं, एवढं तेव्हा कानावर पडलं होतं.

मुलगी दारातल्या माईंना पाहून थबकली. नवऱ्याला हळूच म्हणाली, "अरे, त्या मुक्या बाई अजून इथेच आहेत." मग माईंकडे वळून, तोंडाचा मोठा आ करत, कुंडी एका हाताने पोटाशी धरून दुसऱ्या हाताने खुणा करायला लागली. आम्ही. सामान. आत. आजच.

माई जरा वेळ त्या खुणा बघत राहिल्या.

"अगं, ती कुंडी आधी खाली ठेव," त्या म्हणाल्या. "अशा दिवसांत एवढं ओझं उचलतात का?"

कुंडी ठेवायची राहून गेली, हातातून सुटलीच. माती पार पायरीपर्यंत पसरली.

"तुम्ही बोलता?"

"बोलते की. जन्मभर बोलण्याचाच पगार घेतला मी."

हे खरंच होतं. माईंची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली. कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. गल्लीत त्यांना अजून 'हॅलोमाई' म्हणत. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, इतकी वर्षं दुसऱ्यांचे शब्द वाहिले, आता रोजची सकाळ देवाची. पहाटे दिवा लावायचा आणि दुपारचे बारा वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहून दाखवायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच. दूधवाल्याला, शेजारणीला एखादी खूण केली तर तेवढी चाले.

हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. लेकीच्या बाळंतपणाची बातमी आली तीही सकाळीच. जावई फोनवर सांगत होता, "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, ऐकताय ना?" माईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्यांनी हातातली अंगठी रिसीव्हरवर टक्-टक् वाजवली, बस. लेकीने ते अजून मनात ठेवलं होतं. "देवाला तुझा आवाज नको होता," ती म्हणायची, "मला हवा होता."

तर आता दारात ट्रक उभा होता. माई म्हणाल्या, "पण आपलं भाड्याचं महिनाअखेरीला ठरलं होतं ना? वरची झाडलोटसुद्धा झाली नाही अजून."

"भाड्याचं?" चष्मेवाला म्हणाला. "कसलं भाडं?"

"वरच्या मजल्याचं."

"काकू, आम्ही हे घर विकत घेतलंय."

माई आधी हसल्या. म्हणजे मुलगा थट्टेखोर दिसतो, असं वाटून. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं.

तिघं पायरीवरच बसली. मुलाने पिशवीतून खरेदीखत काढलं, आणि माईंनी चष्मा पुसून ते पाहिलं. नाव त्यांचं होतं, नवऱ्यामागे त्यांच्या नावावर झालेलं हेच घर होतं, मागची विहीरसुद्धा लिहिलेली होती. फोटो मात्र कोणा भलत्याच बाईचा होता. गोल चेहरा, काळा चष्मा.

"ही कोण?"

"मालकीणबाई. म्हणजे तुमची धाकटी बहीण," मुलगी म्हणाली. बोलता बोलता तिचाच आवाज बारीक होत गेला. "आम्ही नोंदणी कार्यालयात भेटलो ना त्यांना. मोतीबिंदू काढला होता, म्हणून काळा चष्मा. हा तर त्यांना सांगत बसला, उन्हात जाऊ नका, थेंब वेळेवर घाला."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. लोकांच्या डोळ्यांवर पोट भरणारा माणूस, आणि त्याच्याच डोळ्यांत धूळ.

"मला बहीण नाही," माई म्हणाल्या.

*

हे सगळं ज्याने केलं त्याला गल्लीत किल्लीवाला म्हणत. घरं दाखवण्याचा धंदा. कमरेला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा, चालला की वाजायचा. माईंचे गुडघे धरल्यापासून वरचा मजला ओस पडला होता. कोणी चांगलं कुटुंब राहायला आलं तर सोबत होईल म्हणून माईंनीच त्याला बोलावलं होतं. आपल्या मौनाचं त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. लोक बारानंतर आणत जा, म्हणाल्या.

"छे, छे," किल्लीवाला म्हणाला होता. "माई, सकाळचं ऊन वरच्या खोल्यांत काय सुरेख येतं. घर दाखवावं ते सकाळीच. तुम्ही आपला नेम चालू ठेवा, बोलायचं काम माझं." आणि मग, आवाज खाली आणून, "किती वर्षं करताय? मनाला शांत वाटतं का हो?"

असं माईंना कोणी विचारलं नव्हतं. लेक रुसायची, जावई गालात हसायचा, शेजारीण म्हणायची, काय बाई तरी एकेकाचं. हा मात्र सकाळी आला की कमरेचा जुडगा हाताने दाबून धरायचा, आवाज होऊ नये म्हणून. भाडेकराराला लागतात असं सांगून त्याने घराचे मूळ कागद आणि ओळखपत्र नेलं, तेव्हा माईंनी ते फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं. थोड्या दिवसांनी त्याने फडकं तसंच बांधलेलं परत आणलं. माईंनी ते गाठ न सोडता कपाटात ठेवून दिलं.

आता पायरीवर बसून मुलगी एकेक आठवून सांगत होती.

"तुम्ही आम्हाला न्हाणीघरातला नळ दाखवलात. असा हात फिरवून."

"तो उलटा फिरतो, म्हणून. नव्या माणसाला कळत नाही."

"ते म्हणाले, ताई म्हणतायत, आता हे सगळं तुमच्या हातात."

"अरे देवा."

"आणि निघताना तुम्ही माझ्याकडे बघून हात जोडलेत."

"तुझ्या पोटाकडे बघून जोडले गं. सुखरूप सुटका होऊ दे म्हणून."

"ते म्हणाले, घर चांगल्या माणसांना गेलं म्हणून ताई देवाचे आभार मानतायत." मुलीने डोळे पुसले. "मी घरी जाऊन रडले होते, माहितीय? म्हटलं, घर सोडावं लागतंय आणि तरी आपलं भलं चिंततात. महिनाअखेरीपर्यंत ताई इथे राहतील म्हणाले होते. पण आमच्या जुन्या मालकाने खोली आधीच रिकामी करायला लावली, म्हणून आज..."

फाटकातून ट्रकवाला ओरडला, "सामान उतरवू का गावभर हिंडवू? मला दुसरी खेप आहे."

*

माईंची लेक तासाभरात आली. शाळेत गणित शिकवायची; बोलणंही तसंच, पायरी पायरीने आणि शेवटी उत्तराखाली रेघ. येताना वाटेतूनच तिने ओळखीच्या वकिलांना फोन केला होता.

"त्यांना आत घ्यायचं नाही," ती माईंना स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली. "वकिलांनी निक्षून सांगितलंय. खरेदीखत खोटं ठरेल, कारण सही तुझी नाहीच. पण एकदा का ते आत राहिले आणि म्हणाले की ताबाही मिळालाय, मालकीण समोर होती, तिने हसत हसत घर दाखवलं, की मग कोर्टात वर्षानुवर्षं निस्तरत बस. आणि त्यांनी बँकेचं कर्ज काढलंय ते या घरावर. म्हणजे उद्या बँकही दारात."

"ती पोर बाहेर उन्हात बसलीय."

"आई, तू गप्प बसून अर्धं घर घालवलंस. आता बोलून उरलेलं घालवू नकोस."

माईंनी पाण्याचा तांब्या भरला. काही बोलल्या नाहीत. बारा कधीच वाजून गेले होते तरी.

"बरं, एक मार्ग आहे," लेक जरा नरमून म्हणाली. "त्यांनी लिहून द्यायचं, घर माईंचं आहे, आम्ही त्यांच्या परवानगीने वर राहतोय. एवढी सही केली तर राहू देत."

लेकीने लिहिलेली ती ओळ चष्मेवाल्याने वाचली आणि कागद परत केला.

"यावर सही केली म्हणजे मी स्वतःच म्हटल्यासारखं होईल की माझं काही नाही. सगळी जमापुंजी गेली. हिच्या आईचे दागिनेसुद्धा." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "खरेदीखतावर सरकारी शिक्का आहे, काकू. शिक्का खोटा नाहीये. मी उद्या त्या माणसाला गाठतो. काहीतरी चूक झाली असेल. कागद बदलले असतील."

"चूक?" लेक म्हणाली.

"चूकच असेल," तो म्हणाला, आणि त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

माईंना तो हट्ट कळला. बुडत्याच्या हातातली काडी काढून घेणं सोपं असतं. पण मग त्या हातात द्यायचं काय? त्यांनी जिन्याची किल्ली खुंटीवरून काढली आणि मुलीच्या हातात ठेवली.

"सही राहू दे. वर जा, आडवी हो. नळ उलटा फिरतो, लक्षात आहे ना?"

लेक म्हणाली, "उद्या सकाळी पहिल्यांदा पोलिसांत जायचं."

"बारानंतर जाऊ."

"चोराने तरी सकाळ वाया घालवली नाही," लेक म्हणाली. "तू बस इथे गप्प. मी एकटी जाते."

*

सकाळी माईंनी दिवा लावला. चष्मेवाला उजाडताच किल्लीवाल्याच्या शोधात बाहेर पडला होता; वरून मुलीच्या पावलांचा आवाज तेवढा येत होता. माई देवापुढे बसल्या, पण मन लागेना. हे घर नवऱ्याने बांधायला घेतलं तेव्हा दोघं विटांवर पाणी मारायला रोज येत. त्यांनी देवाला काही मागितलं नाही. नुसतं म्हटलं, बघतोयस ना.

तेवढ्यात फाटक वाजलं, आणि पाठोपाठ हाताने दाबून धरलेल्या जुडग्याचा तो ओळखीचा, बसका आवाज.

किल्लीवाला आला होता. बरोबर काठी टेकत चालणारे एक वयस्कर गृहस्थ होते. कालची मंडळी महिनाअखेरीपर्यंत इकडे फिरकणार नाहीत, असा त्याचा हिशेब असणार. पायरीजवळ फुटकी कुंडी पडली होती, ती त्याने पायाने बाजूला सारली आणि माईंना नेहमीसारखा वाकून नमस्कार केला.

"या मालकीणबाईंच्या थोरल्या बहीण," तो गृहस्थांना सांगत होता. "जन्मापासून वाचा नाही. पण मन सोन्यासारखं."

गृहस्थांनी आपुलकीने मान लववली. मग खिशातून मोजपट्टी काढून दाराची रुंदी मोजायला लागले. माई बघत राहिल्या. दोनदा मोजली.

"खुर्ची जाईल," ते स्वतःशीच म्हणाले. मग माईंना, सावकाश, शब्द तोडून: "माझी बायको. चाकाच्या खुर्चीत आहे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, तिला खाली उतरवता येत नाही. खिडकीतून रस्ता बघते. इथे दारातच ऊन आहे. तिला फार आवडेल."

"तेच म्हणतो मी," किल्लीवाला म्हणाला. "पण दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय. बयाणा आत्ताच हातात पडला, तर मी मालकीणबाईंना शब्द देतो. दुपारी त्या बाहेरगावी चालल्यात."

गृहस्थांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला.

माई पुढे झाल्या. जोराने मान हलवली. नाही.

"ताई म्हणतायत, बूट काढू नका, असू द्या," किल्लीवाला म्हणाला.

माईंनी गृहस्थांची बाही धरली आणि फाटकाकडे बोट दाखवलं.

"मागे विहीर आहे, तीही बघून घ्या म्हणतायत."

माईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग भिंतीवर ठेवला. पुन्हा छातीवर. माझं आहे हे, माझं.

किल्लीवाल्याने सुस्कारा सोडला. "लहानपण इथे गेलं ना त्यांचं. सोडताना जीव तुटतोय."

गृहस्थांचे डोळे भरून आले. त्यांनी माईंचा हात दोन्ही हातांत घेतला. "कळतं हो मला, बाई. पण घर चांगल्या हातात जाईल, काळजी करू नका." आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

माईंनी देवाकडे पाहिलं. दिवा शांत जळत होता. घर कुठे पळून जाणार नव्हतं. लेक पोलिसांत गेली होती, बारा वाजता आपण होऊन सगळं बोलता आलं असतं. पण तोवर हे पाकीट रिकामं झालं असतं, आणि कुठल्याशा वरच्या मजल्यावर एक बाई दारातल्या उन्हाची वाट बघत बसली असती. जी सकाळ आपण देवाला दिली म्हणत होतो, तिच्या आडोशाला उभा राहून हा माणूस लोकांचे खिसे कापत होता. आणि आपण हात जोडून हसत होतो.

"घर माझं आहे."

आवाज घोगरा आला, घसा सकाळी वापरायची सवयच नव्हती. माई खाकरल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "घर माझं आहे. मी मुकी नाही. मला बहीण नाही, आणि हे घर विकायला काढलेलं नाही. ते पाकीट खिशात ठेवा, दादा."

किल्लीवाल्याचा हात जुडग्यावरून सुटला. सगळ्या किल्ल्या एकदम वाजल्या.

"माई," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अहो, बारा वाजायचेत अजून. तुमचा नेम."

"तो मी आणि देव बघून घेऊ."

"माई?" गृहस्थ त्याच्याकडे वळले. "तुम्ही तर म्हणालात, यांना जन्मापासून वाचा नाही. मग नेम कसला?"

किल्लीवाल्याने तोंड उघडलं, पण त्याला या वेळी भाषांतराला काही सापडलं नाही. तो फाटकाकडे वळला. फाटकात मुलगी उभी होती. मागच्या जिन्याने केव्हा उतरली कोण जाणे; दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून, पोट पुढे करून उभी होती. तिच्या अंगाला हात लावून बाहेर पडायची त्याची हिंमत झाली नाही. तो "ताई, बाजूला व्हा, गैरसमज झालाय, बसून बोलू" असं म्हणत राहिला आणि ती गज सोडत नव्हती. मागून गृहस्थांनी काठी आडवी धरली. अशा अवस्थेत सगळे उभे असतानाच कोपऱ्यावरून माईंची लेक आली, बरोबर एक पोलीस अधिकारी. नुसता पंचनामा करायला म्हणून ते यायला तयार झाले होते.

*

चौकीत साहेबांनी माईंचा जबाब घेतला.

"हे विकत घेणारे लोक तुमच्या घरात अनेकदा आले. तुम्ही समोर होतात. कशाला आलात, असं एकदाही विचारलं नाहीत?"

"सकाळ होती," माई म्हणाल्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माईंच्या लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "लिहा तसंच. खरं आहे ते."

साहेब माणूस चांगले होते. त्यांनी समजावून सांगितलं की असे भामटे ज्या घरात एकटं, वयस्कर माणूस असतं किंवा मालक दूर असतो, असंच घर हेरतात. भाड्याचं, दुरुस्तीचं, कराचं निमित्त करून कागद मिळवतात, आणि मालकाच्या नावाने भलतंच माणूस उभं करतात. मूळ कागद कधी कोणाच्या हाती द्यायचा नाही. प्रत द्यायची, आणि प्रतीवर आडवं लिहायचं, 'फक्त भाडेकरारासाठी'. अधूनमधून नोंदणी कार्यालयात जाऊन आपल्या घरावर काही चढलंय का, ते बघायचं. आणि घेणाऱ्याने, चष्मेवाल्याकडे बघत ते म्हणाले, शेजारच्या दोन घरांत जाऊन नुसतं विचारायचं, या घराची मालकीण कोण.

"आम्ही विचारलं नाही," चष्मेवाला म्हणाला. "मालकीणबाईंच्या बहिणीसमोर चौकशी करणं बरं दिसेना."

कपाटातलं फडकं त्या दिवशी सुटलं. आत सगळ्या रंगीत नकला होत्या. मूळ कागद किल्लीवाल्याच्या घरी सापडले, आणि काळ्या चष्म्याची बाईही दोन दिवसांत सापडली. तिचे डोळे ठणठणीत होते. पैशांपैकी काही एका खात्यात मिळाले, ते गोठवले; बाकीचं कोर्टाच्या हातात. बँकेने हप्त्यांना मुदत दिली, माफी नाही. खरेदीखत रद्द व्हायलाही वेळ लागणारच होता, पण चष्मेवाल्याने स्वतः जबाब दिला की आम्हाला घर या माईंनी विकलेलं नाही. वकील म्हणाले, आता घर कुठे जात नाही.

चौकीतून परतल्यावर त्याने लेकीचा तो परवानगीचा कागद मागून घेतला आणि सही केली. मग पायरीवर जाऊन बसला. माई शेजारी जाऊन बसल्या.

"तुम्ही आम्हाला हाकलून दिलं असतं तर मला रागवायला तरी आलं असतं," तो म्हणाला.

"माझ्यावर रागव की. मीही हात जोडूनच होते तुमच्यासमोर."

तो कसनुसा हसला.

लेक निघताना आईच्या पदराशी घुटमळली. "त्या किल्लीवाल्याचं सगळ्यात वाईट काय वाटलं तुला?"

"तो एकटाच विचारायचा गं," माई म्हणाल्या. "शांत वाटतं का म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून लेकीचा रोज सकाळी फोन यायला लागला. उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही ती बोलत राहायची. नातीने काय तोडलं, वर्गात कोण रडलं. माई अंगठीने रिसीव्हर वाजवायच्या. एकदा टक् म्हणजे हो, दोनदा म्हणजे पुढे सांग.

पाटीची कल्पना चष्मेवाल्याचीच. खरेदीखत रद्द होईपर्यंत कोणी तिसऱ्याला हेच घर दाखवू नये म्हणून फाटकाजवळच्या भिंतीवर ठळक लिहायचं. दुकानात डोळे तपासायचा तक्ता तो हाताने रंगवायचा, त्यामुळे अक्षर सुरेख आणि सवय तीच. वरची ओळ हातभर उंच, खालची त्याहून लहान, त्याखालची आणखी लहान. हे घर विकायचं नाही. मालकीण इथेच राहते. सकाळी बोलत नाही. सर्वांत खाली, मुंगीएवढं: पण ऐकते.

"एवढं बारीक कोणाला दिसणार आहे?" आराखडा बघून माईंनी विचारलं होतं.

"ज्याला दिसणार नाही, त्याला माझ्या दुकानात पाठवा."

तो रंगवायला बसला तो सकाळी, दुकान उघडायच्या आधी. मुलगी वरच्या खिडकीत केस विंचरत होती. माई दिवा लावून, मौन धरून, पायरीवर भाजी निवडत होत्या. पहिली ओळ त्याने भराभर ओढली, हे घर विकायचं, आणि तिथे त्याचा कुंचला थांबला.

"काय झालं रे?" खिडकीतून आवाज आला.

"रंग संपला."

डबा अर्धा भरलेला होता. माईंना बसल्या जागेवरून दिसत होता. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत भिंतीपाशी आल्या, आणि डबा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यासमोर धरला. बोलायचं तर नव्हतंच. तो डबा त्यांनी तसाच धरून ठेवला, हात भरून आले तरी.

त्याने कुंचला बुडवला, काठावर निथळला, आणि 'नाही' लिहिलं.